लसीबद्दलचे मोबाईलवरचे मेसेज आणि आपलं लेकरू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत आया, सासवा, कधी लेकराचे बाप जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. ज्यांच्या मोबाईलवर असे मेसेज येतात त्या आईबापांसाठी हे लिहिलं आहे. आशाताई, अंगणवाडीताई, गुरुजी, सरपंच यांनाही उत्तर देताना उपयोगी पडेल.

"गोवरच्या सुईनं लेकरं मरून राहिले म्हणे. ऑडिओ आला मोबाईलवर. खरं हाय का?"

नाही, खरं नाही. आणि ही अफवा नवीही नाही. २०१७ साली कर्नाटक, तामिळनाडूत गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली तेव्हा तिकडे व्हॉट्सॲपवर असेच मेसेज फिरले होते. महाराष्ट्रात ही मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये आली, ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आजही एखादी क्लिप नवा आवाज लावून गावोगाव फिरतेच.

मागे एका गावात ऐन सोयाबीन सोंगणीत लसीकरण होतं. एक आजी नातवाला पदराखाली झाकून आल्या आणि फोन माझ्या कानालाच लावला. आवाज अगदी आपल्या बोलीतला. "आत्ताच दवाखान्यातून आलो, पोट्टे तडफडून राहिले, कोणी सुई देऊ नका, सगळ्या ग्रुपवर पाठवा." दवाखाना कोणता, गाव कोणतं, दिवस कोणता, काहीच नाही. मी विचारलं, "आजी, हा बोलणारा कोण?" त्या म्हणाल्या, "मले का माहीत बाई, जावयानं पाठवलं." जावयाला तिथूनच फोन लावला. त्याला पुण्यातल्या कंपनीतल्या एका मित्रानं पाठवलेलं. मित्राला दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं. त्यापुढे कोणालाच काही सांगता येईना. ज्या दवाखान्याचं नाव कोणी सांगू शकत नाही, तिथल्या लेकरांसाठी आजी आपल्या नातवाची लस थांबवून बसल्या होत्या. त्यांची माया खोटी नव्हती. मेसेज खोटा होता.

खरी भीती बाळगायची तर गोवराची बाळगावी. एका गोवराच्या रुग्णापासून, लस न घेतलेल्या लोकांत, १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. पुरळ गेलं की गोवर गेला असं होत नाही. मागे न्यूमोनिया लागतो, हगवण लागते, डोळ्यांवर येतं, क्वचित मेंदूला सूज येते. कुपोषित लेकराला तर तो हमखास आडवा करतो. कोविडच्या काळात लसीकरण मागे पडलं आणि २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, त्यात मुलं दगावली.

"मंग असे मेसेज बनवते कोण? त्याले का भेटते?"

काहींना व्हिडिओ जास्त लोकांनी पाहिला की पैसे मिळतात. काहींना स्वतःचं चूर्ण, काढा विकायचा असतो. काही जण खरोखर घाबरलेले असतात आणि ऐकलेलं तिखटमीठ लावून बोलतात. पण पुढे पाठवणारे बहुतेक जण आपलेच असतात, मामा, जावई, शहरात शिकणारा पुतण्या. ते काळजीपोटीच पाठवतात. म्हणून त्यांच्यावर खेकसून काही साधत नाही.

खोटा मेसेज ओळखायचा कसा?

मेसेजच्या वर दोन बाणांची खूण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं की थांबा. तो तुमच्या नातेवाइकानं लिहिलेला नाही, कुठून तरी हातोहात आलेला आहे. त्यानंतर साधे तीन प्रश्न विचारा : गाव कोणतं, तारीख कोणती, दवाखाना कोणता? एवढा मोठा प्रकार खरंच घडला असता तर तो जिल्ह्याच्या पेपरात आला असता, सरपंचांना कळला असता, आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना वरून फोन आला असता. "लवकर पुढे पाठवा", "डिलीट व्हायच्या आधी बघा", "डॉक्टर हे सांगणार नाहीत" अशी घाई करणारा मेसेज आपल्याला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच तसा लिहिलेला असतो.

व्हिडिओ असेल तर तो जुना किंवा परदेशातला असू शकतो. त्यातलं एक चित्र गूगल लेन्सवर टाकून पाहिलं की बरेचदा मूळ जागा सापडते. दहावी-बारावीतल्या पोरांना हे चटकन जमतं, त्यांना सांगा.

मेसेजनं काय होऊ शकतं याचा आपल्या राज्याला फार वाईट अनुभव आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं ५ जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी फक्त ५ ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

"सुई देल्ली का लेकरू रातभर रडते, अंग तापते. मंग ते चांगली कशी?"

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या पाहण्यात लस अर्धवट सुटण्याचं सुरुवातीचं कारण पुष्कळदा हेच असतं. आधी कोणी सांगितलेलं नसतं. रात्री ताप चढतो, बाळ स्तनाला तोंड लावत नाही, सासू म्हणते, "मी म्हणत नव्हती का!" आणि त्याच वेळी फोनवर तो मेसेज येतो. मेसेजला पुरावा आपल्याच घरात सापडतो. आईला ताप येणार हे आधी माहीत असतं तर तीच बाई सासूला सांगते, "बाईनं सांगतलं होतं, दोन दिवसांत उतरते."

म्हणून नीट सांगते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटाव्हॅलंट लस देतात, ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) या पाच आजारांवरची आहे. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप येतो, टोचलेली मांडी लाल होते, दुखते. साधारण एक-दोन दिवसांत ते ओसरतं. नर्सनं वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यायचं, अंगावरचं पाजत राहायचं, टोचलेल्या जागी ओला थंड फडका ठेवायचा. त्या जागी हळद, तेल, शेक, चोळणं नको.

गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप लगेच येत नाही. आठवड्याभरानं येतो, कधी अंगावर बारीक पुरळ उठतं आणि आपसूक जातं. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीचं तर वेगळंच आहे. जन्माच्या वेळी डाव्या दंडावर टोचतात, काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, पिकतो, फुटतो आणि वण राहतो. तो फोड पाहून "सुई पिकली" म्हणून पुष्कळ जणी घाबरतात. तो यायलाच हवा असतो. त्याला काही लावू नका.

आता घाबरायचं कशाला तेही सांगते. झटके आले, बाळ बेशुद्ध वाटलं, श्वासाला त्रास झाला, तोंड-अंग सुजलं, किंवा दोन दिवसांनंतरही ताप उतरला नाही, तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो ते याचसाठी. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते, पण झालीच तर पहिल्या काही मिनिटांत कळते आणि तिचं औषध आमच्या पेटीत असतं. निंदणाची घाई असली तरी तेवढा अर्धा तास थांबा.

"आमच्या नात्यात सुई देल्ल्यावर लेकरू गेलं. मंग आम्ही कसा भरवसा ठेवावा?"

ज्या घरात लेकरू गेलं तिथे आकडे सांगत बसू नये. आधी बसावं, ऐकावं. पण प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं.

२०२० साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २८ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावली. कारणं कमी वजन, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, जन्मजात दोष. त्याच वर्षभरात प्रत्येक बाळाला पाच वेळा लस मिळते. त्यामुळे काही मृत्यू लसीच्या आगेमागे येणारच, लस नसती तरी ते झाले असते. मात्र "लसीचा संबंध नाही" असं तपासणीआधीच म्हणून टाकणंही चूक आहे. लसीनंतर गंभीर काही घडलं तर ते तातडीनं वर कळवावं लागतं आणि त्यासाठी जिल्ह्याची समिती असते. ती लसीची बॅच, साठवण, टोचण्याची पद्धत, बाळाची आधीची तब्येत हे सगळं तपासते. शवविच्छेदन केलं तरच खरं कारण कळण्याची शक्यता असते. आईबापांना ते नको वाटतं, आणि मला त्यांचं मन कळतं. पण ते झालं नाही की कारण कायमचं अंधारात राहतं आणि त्या जागी मेसेज बसतो. तपासणीचं काय झालं हे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण हक्क आहे. लेखी विचारा. सरकारी माणसांनीही तो निकाल घरी जाऊन सांगितला पाहिजे. तसं न करणं हा आपल्या यंत्रणेचा मोठा दोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं. ती पण अफवाच का?

नाही, ते खरं घडलं. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात ५ वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं, ती बरी झाली. ही अक्षम्य हयगय होती आणि ती झाकून ठेवणं हा लोकांचा विश्वास घालवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. त्यात दोष लसीचा नव्हता, कारण लस दिलीच गेली नव्हती. पण एवढं म्हणून आपण सुटत नाही. आईबापांनी पाहावं, विचारावं, ही त्यातून घ्यायची गोष्ट आहे.

मग काय पाहायचं? आम्हाला काय कळणार त्यातलं?

कळतं. पोलिओच्या बाटलीच्या लेबलवर एक छोटं गोल चिन्ह असतं आणि त्या गोलात चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतकाच गडद किंवा त्याहून गडद झाला असेल तर उष्णतेनं लस खराब झाली, ती देता येत नाही. असं चिन्ह बाकीच्या बाटल्यांवरही असतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे फार कामाचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये लस २ ते ८ अंशांत ठेवतात, तिथून बर्फाच्या पेटीतून गावात आणतात. बाटली दाखवा म्हटलं तर कोणत्याही नर्सनं दाखवली पाहिजे.

सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढली का, तेही पाहा. ती एकदा वापरली की दट्ट्या परत मागे ओढताच येत नाही. गोवर-रुबेला आणि बीसीजीची बाटली पाण्यात मिसळल्यावर ४ तासांत संपवायची, नाहीतर फेकायची असते. म्हणून बाटली कधी फोडली ते आम्ही तिच्यावर लिहितो. ती वेळ वाचायला लाजू नका.

"पुढं चालून पोरींले लेकरं होऊ नये म्हणून सरकार सुई देते, असं म्हणतात."

या भीतीमागे जुनी जखम आहे. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत जबरदस्तीनं नसबंदी झाली, ती आठवण घराघरांतून पुढे आली. ती भीती हसण्यावारी नेऊ नये. पण लसीचा गर्भाशयाशी, बीजाशी काही संबंध नाही. देशात पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झाला. त्या वेळी बूथवर डोस घेतलेल्या मुलींची मुलं आज आमच्याकडे डोस घ्यायला येतात. उलट रुबेलाची लस पुढच्या पिढीसाठीच आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला बाईला रुबेला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू असलेलं, हृदयात दोष असलेलं जन्मू शकतं.

लसीनं ऑटिझम (स्वमग्नता) होतो का?

नाही. १९९८ साली इंग्लंडच्या एका डॉक्टरनं १२ मुलांवरून तसा लेख लिहिला. त्यातली माहिती चुकीची ठरली, २०१० मध्ये तो छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानं लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा परवानाही गेला. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो छापून आला. संबंध आढळला नाही.

"कोरोनाची सुई घेतली म्हणून जवान पोरं हार्ट अटॅकनं जाऊन राहिले?"

तरुण माणूस अचानक गेला की गाव हादरतं, आणि कोविडची लस तर जवळपास सगळ्यांनीच घेतलेली, त्यामुळे बोट तिकडेच जातं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं १८ ते ४५ वयात अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला, १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांमधून. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या : कोविडसाठी दवाखान्यात भरती व्हावं लागणं, घराण्यात असा मृत्यू, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम.

कोविशील्डसारख्या लसीमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक दुर्मिळ विकार होऊ शकतो, हे मात्र खरं आहे. २०२४ मध्ये त्यावरून पुन्हा मेसेज सुटले. पण तो विकार ही २०२१ पासूनच माहीत असलेली गोष्ट आहे आणि तो लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. काही वर्षांपूर्वी डोस घेतलेल्यांनी त्या भीतीनं झोप उडवून घेऊ नये.

लसीत गायीचं रक्त, पारा असतो का?

कोव्हॅक्सिनमध्ये वासराचा सीरम असल्याचा मेसेज जून २०२१ मध्ये फिरला. विषाणू ज्या पेशींवर वाढवतात त्या पेशी वाढवायला तो वापरतात, नंतर धुऊन काढतात. बाटलीत तो नसतो, असं सरकारनं तेव्हाच सांगितलं. पाऱ्याचं म्हणाल तर काही लसींत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल हे पारा असलेलं रसायन अतिशय कमी प्रमाणात असतं, ते शरीरातून निघून जातं.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे. लस झेपेल का?

द्यायलाच हवी. विदर्भात सिकलसेल किती आहे हे आपल्याला सांगायला नको. या आजारात प्लीहा नीट काम करत नाही आणि न्यूमोकॉकस नावाचा जंतू अशा मुलांना पटकन गाठतो. त्यावरची पीसीव्ही लस २०२१ पासून आपल्याकडे मोफत मिळते, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात. डॉक्टरांना सिकलसेलबद्दल सांगा, आणखी लशी लागतील का ते विचारा. कुपोषित बाळालाही हेच लागू. "आधी सुधरू दे, मंग देऊ" असं म्हणू नका. साध्या सर्दी-खोकल्यातही लस चालते.

"आमच्या आजा-पंज्याले कुठं सुया होत्या? ते नाई जगले का?"

जे जगले त्यांचेच आपण नातू. जे गेले त्यांची मोजदाद घरात राहत नाही. म्हाताऱ्या बायांना विचारा, किती बाळंतपणं झाली आणि किती लेकरं हाती लागली. त्यांच्या दंडावर देवी टोचल्याचा वणही पाहा. देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. जगातून तो गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, म्हणून आपल्या लेकरांच्या दंडावर तो वण नाही. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा.

आशाताईला प्रत्येक लेकरामागे पैसे भेटतात, म्हणून ती मागं लागते ना?

मिळतात. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १०० रुपये. वर्षभर उन्हापावसात घराच्या खेपा घालून १०० रुपये. त्यासाठी कोणी शेजारच्या लेकराचं वाईट करेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? तिचं स्वतःचं लेकरूही याच पेटीतली लस घेतं. तिला विचारा, ती कार्ड दाखवेल.

मेळघाटात, गडचिरोलीत लोक आधी भूमका-पुजाऱ्याकडे जातात. तिथे काय करावं?

भूमकाला, म्हणजे गावच्या वैदूला, बाजूला सारून कोरकू पाड्यात काम होत नाही, आणि सारूही नये. लोक त्याचं ऐकतात, तर त्याच्याशीच आधी बोलावं. आजारी लेकराच्या पोटावर तापलेल्या लोखंडानं डागणं थांबलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण पूजा करून लेकरू लसीला आणायला हरकत काय? आणि बोलायचं ते कोरकूत, माडियात, गोंडीत. मराठी पोस्टर भिंतीवर चिकटवलं की काम झालं असं समजणारे अधिकारी मी पाहिले आहेत. अफवा मात्र थेट घरच्या भाषेत येते.

लस सुटते ती सगळी मोबाईलमुळेच का?

नाही. मोबाईलवर सगळं ढकलणं सोयीचं आहे, पण खरं नाही. कापूस वेचणीत रोजी बुडते. मोहफुलांच्या, तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरं ओस पडतात. वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर निघालं की पावसाळ्याच्या तोंडी परततं. पावसाळ्यात भामरागडसारख्या भागात नाल्यांना पूर येतो आणि रस्ताच तुटतो. कधी आम्हीच सांगितलेल्या दिवशी पोचत नाही. लेकरं घेऊन ताटकळलेल्या बाया परत जातात, आणि पुढच्या वेळी न यायला एखादा मेसेज पुरतो. लसीकरणाचा दिवस ठरला की तो मोडू नये. बाहेरगावी जाताना कार्ड सोबत न्या, देशात कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस मोफत मिळतो.

गावाच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर मी काय करू?

"हे खोटं आहे" असं लिहून तीच क्लिप पुन्हा टाकू नका, ती आणखी दहा घरांत जाते. टाकणाऱ्याचा ग्रुपवर पाणउतारा करू नका, त्याला वेगळा फोन करा, तो बहुधा स्वतःच काढून टाकतो. मग आशाताईला किंवा नर्सला तिच्या आवाजात एक मिनिटाचा ऑडिओ टाकायला सांगा : अमुक दिवशी लस आहे, ताप येईल, दोन दिवसांत उतरेल, काही वाटलं तर मला फोन करा. ओळखीचा आवाज लोक ऐकतात. नर्सला विचारायला संकोच वाटला तर १०४ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर विचारता येतं.

"कार्ड हरवलं, दोन डोस सुटले. आता बाई रागावंल."

रागावणार नाही, आणि कोणी रागावलं तरी या. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे सुटलं तिथून पुढे देतो. बीसीजी आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू करता येतो, गोवर-रुबेला आणि पोलिओ पाच वर्षांपर्यंत देता येतात. नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये असते, तिच्यावरून दुसरं कार्ड बनवून देतो. येताना बाळाचा अंदाजे जन्मदिवस आणि आधीचा डोस कोणत्या गावी घेतला एवढं आठवून या.